मुंबईतील बेने इस्राएल समाजाचे धार्मिक पुनरुज्जीवन : स्वरूप व मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाज संख्येने नेहमीच अल्प राहिला. तथापि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात त्याचे स्थान अभ्यासकाने दुर्लक्षावे असे नाही. अनेक शतके मराठी मुलखात राहून, मराठी बोलून, गावावरून पडलेली आडनावे धारण करून हा समाज आपला वेगळा धर्म सांभाळून होता. त्याच्यापाशी ना धर्मग्रंथ होता, ना प्रार्थनामंदिर, ना दीक्षित धर्मगुरू. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या शंभर वर्षांत याच समाजाने मुंबई शहरात आणि तेथून कोकणात प्रार्थनामंदिरे उभारली, हिब्रू भाषा आत्मसात केली, प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली, शाळा काढली, आणि जगातील इतर ज्यू समाजांशी आपले नाते जोडून घेतले. या घडामोडीला ‘पुनरुज्जीवन’ म्हणण्याचा प्रघात आहे.

या शब्दाची छाननी होणे अवश्य आहे. पुनरुज्जीवन म्हटले की पूर्वी जे होते ते मध्यंतरी नष्ट झाले व पुन्हा सजीव झाले, असा अर्थ निघतो. बेने इस्राएलांच्या बाबतीत नेमके काय नष्ट झाले होते, काय टिकले होते, आणि जे नव्याने उभे राहिले ते कोणाच्या कर्तृत्वाने उभे राहिले, असे तीन प्रश्न यात गुंतलेले आहेत. हे प्रश्न केवळ पुस्तकी नाहीत. १९६२ ते १९६४ या काळात इस्राएल राष्ट्रात स्थायिक झालेल्या हजारो बेने इस्राएलांच्या विवाहाचा अधिकार याच प्रश्नांच्या उत्तरावर अवलंबून होता. त्याचा विचार पुढे यथास्थळी केला आहे.

२. मुंबईपूर्व काळातील धर्मजीवन

समाजाच्या परंपरेप्रमाणे त्याचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. या कथेचा काळ निश्चित करण्यास समकालीन साधन नाही. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात ही घटना ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात घातली आहे. परंतु तो परंपरेवर आधारलेला तर्क होय. कागदोपत्री उल्लेख मिळू लागतात ते अठराव्या शतकात. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने दक्षिणेतून पाठविलेल्या वृत्तांतात सुरत व राजापूर या भागांत स्वतःस ‘बेने इस्राएल’ म्हणवून घेणाऱ्या लोकांचा निर्देश केला आहे. १७६८ मध्ये कोचीनचे प्रतिष्ठित व्यापारी येहेझ्केल राहाबी यांनी अ‍ॅम्स्टरडॅमच्या टोबियास बोआस यांना लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखात विखुरलेल्या या लोकांची माहिती आहे. ते तेल गाळतात, त्यांपैकी काही शिपाईगिरी करतात, आणि धर्मापैकी त्यांना शब्बाथचा विसावा व ‘शेमा’ ही प्रार्थना एवढेच ठाऊक आहे, असा त्या पत्राचा आशय आहे.

ही साक्ष बाहेरच्या माणसाची आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोचीनच्या ज्यूंपाशी ग्रंथ, प्रार्थनामंदिरे व विद्वान यांची अखंड परंपरा होती. त्यांच्या दृष्टीने जे ग्रंथात सापडत नाही ते अज्ञान ठरणे स्वाभाविक होते. समाजाच्या आतून पाहू गेल्यास चित्र वेगळे दिसते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांहून त्यांचा वेगळेपणा या नावातच नोंदलेला आहे. पुत्राची सुंता आठव्या दिवशी होई. खवले व पर नसलेले मासे वर्ज्य होते. सण पाळले जात, मात्र त्यांची नावे मराठी होती. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा तो ‘दरफळणीचा सण’, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’, मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतीचा ‘बिरड्याचा सण’. दार लावून घरात उपवासाने दिवस काढावयाचा म्हणून दरफळणी, आणि बिरड्यांचे जेवण म्हणून बिरड्याचा सण. सणांची हिब्रू नावे व त्यांमागील कथा विसरल्या गेल्या होत्या. सण विसरले गेले नव्हते.

या सर्व आचारांत एक समान सूत्र आहे. ते सर्व घरात पाळता येण्यासारखे आहेत. घाणा बंद ठेवणे, मासे निवडणे, दार लावून उपवास करणे, मुलाची सुंता करणे, यांपैकी कशासही जमावाची आवश्यकता नाही. याउलट तोराचे जाहीर वाचन व सामुदायिक प्रार्थना यांसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांच्या मेळाव्यास हिब्रूत ‘मिन्यान’ म्हणतात. दिवे, झिराड, राजपुरी, शहापूर, केहीम अशा गावांतून एकेक दोनदोन घरे करून राहणाऱ्या समाजाला मिन्यान नित्य मिळणे कठीणच होते. यावरून असे अनुमान करावयास हरकत नाही की, कोकणात जे टिकले ते टिकले कारण ते घराच्या आधारे चालणारे होते, आणि जे लोपले ते लोपले कारण त्याला मंडळाची गरज होती. म्हणजे लोप पावला तो धर्म नव्हे, तर धर्माचे सामुदायिक अंग.

गृहधर्माची राखण करण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता, याची खूण परंपरेतच आहे. डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला व या लोकांची परीक्षा पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी खवले व पर असलेली मासळी निवडून घेतली, तेव्हा हे आपले धर्मबंधू अशी त्याची खात्री पटली, अशी कथा सांगतात. राहाबीचा काळ कोणी सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचा मानतात, तर कोणी तो कोचीनच्या राहाबी घराण्यातील अठराव्या शतकातील पुरुष असावा असे म्हणतात. काळनिर्णय काहीही असो, समाजाच्या स्मृतीत परीक्षा झाली ती स्वयंपाकाच्या जागी आणि उत्तीर्ण झाल्या त्या स्त्रिया, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. याच राहाबीने झिराडकर, शापुरकर व राजपुरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना शिकवून तयार केले व त्यांच्याकडे धर्मकृत्ये सोपविली. त्यांना ‘काजी’ म्हणत, असेही परंपरा सांगते.

३. शहर, सैन्य आणि पहिली ‘मशीद’

अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. बंदराच्या व किल्ल्याच्या कामांवर सुतार व गवंडी म्हणून, आणि विशेषतः ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात त्यांना रोजगार मिळाला. सैन्यात त्यांपैकी अनेक जण एतद्देशीय अधिकाऱ्यांच्या पदांपर्यंत चढले. रोख पगार, निवृत्तिवेतन, आणि एका मोहल्ल्यात जवळजवळ राहणारी कुटुंबे या तीन गोष्टी कोकणातील खेड्यात कधीच एकत्र आल्या नव्हत्या. मुंबईत त्या प्रथमच एकत्र आल्या, आणि मिन्यानचा प्रश्न आपोआप सुटला.

या परिस्थितीचा लाभ घेणारा पुरुष म्हणजे सॅम्युएल येहेझ्केल दिवेकर. कोकणी प्रघाताप्रमाणे त्याचे नाव सामाजी हसाजी. कंपनीच्या सैन्यातील हा अधिकारी दुसऱ्या म्हैसूर युद्धात (१७८०–८४) शत्रूच्या हाती सापडला. बेने इस्राएल हे नाव कुराणात आले आहे असे टिपूच्या मातेने सांगितल्यामुळे त्याचे प्राण वाचले, आणि सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधण्याचा त्याने नवस केला होता, अशी कथा समाजात प्रचलित आहे. कथेचा तपशील बाजूस ठेवला तरी परिणाम निश्चित आहे. १७९६ मध्ये मांडवी भागात दिवेकराने मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव ‘शार हाराहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. लोक त्याला ‘मशीद’ म्हणत, व पुढे दुसरे प्रार्थनामंदिर झाल्यावर ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. जवळचा रस्ता सॅम्युएल स्ट्रीट या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि मशीद बंदर या स्थानकाच्या नावाचे मूळही याच वास्तूत असल्याचे मानले जाते.

मंदिर उभे राहिले तरी तोराची गुंडाळी नव्हती. ती मिळविण्यासाठी दिवेकर कोचीनला गेला आणि तेथेच १७९७ मध्ये त्याचा अंत झाला. या घटनेत संपूर्ण पुनरुज्जीवनाचा क्रम साठविलेला आहे. प्रथम वास्तू झाली, नंतर ग्रंथ आला, आणि त्यानंतर ग्रंथ वाचणारे तयार झाले. ग्रंथाचे ज्ञान असलेला समाज मंदिर बांधतो हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. मंदिराची इच्छा ज्ञानाच्या आधी होती, आणि ती इच्छा बाहेरच्या उपदेशकाने निर्माण केली असे दाखविणारा पुरावा नाही.

प्रार्थनामंदिराची व्यवस्थाही लक्षात घेण्यासारखी आहे. त्याचे अधिकारी होते मुकादम, चौगुले, गबाई, काजी, हज्जान व शमाश. यांपैकी गबाई (खजिनदार), हज्जान (प्रार्थना म्हणणारा) व शमाश (सेवक) ही पदे ज्यू परंपरेतील आहेत. मुकादम व चौगुले ही मराठी मुलखातील गावगाड्याची पदे आहेत. काजी हा शब्द मुसलमानी राजवटीतून आलेला. एकाच मंडळाच्या कारभारात या तीन प्रवाहांनी शेजारी शेजारी जागा घेतली. जातपंचायत ज्या रीतीने तंटे तोडी, दंड करी व बहिष्कार घाली, त्याच रीतीने प्रार्थनामंदिराचे मंडळही चाले. यावरून हे मंडळ परकीय नमुन्याची नक्कल नव्हते हे स्पष्ट होते. गावकी व जातपंचायत यांचा अनुभव असलेल्या लोकांनी तोच अनुभव नव्या कामी लावला.

४. तीन बाह्य प्रेरणा व त्यांचे मोल

या पुनरुज्जीवनाचे श्रेय सामान्यतः तीन बाह्य प्रेरणांना देण्यात येते. त्या म्हणजे कोचीनचे ज्यू, ख्रिस्ती मिशनरी आणि बगदादी ज्यू. प्रत्येकीचे मोल स्वतंत्रपणे ठरविणे योग्य होईल.

कोचीनकडून आलेले साहाय्य सर्वांत जिव्हाळ्याचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी मुंबईत व कोकणात हिब्रू वाचन, प्रार्थनेच्या चाली व विधींचा क्रम शिकविला. त्यांपैकी शेलोमो सालेम शुराबी (मृत्यू १८५६) हे पुस्तकबांधणीचा व्यवसाय करीत मुंबईत आले, आणि त्यांचा आवाज व पाठांतर पाहून समाजाने त्यांना प्रार्थना म्हणण्याचे काम दिले. बेने इस्राएलांची प्रार्थनापद्धती सेफार्दी वळणाची झाली ती मुख्यतः या कोचीनी संबंधामुळे. तथापि हे शिक्षक आले ते मंदिर झाल्यावर, आणि नेमणूक करणारा व वेतन देणारा समाज स्वतः होता.

मिशनऱ्यांची कामगिरी अधिक विरोधाभासाची आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकू लागली. त्या शाळांत या समाजातील शिक्षकही होते. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाचे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले; ते प्रामुख्याने याच समाजासाठी होते. जुन्या कराराची मराठी भाषांतरे मिशनच्या छापखान्यांतून बाहेर पडू लागली, आणि पूर्वजांच्या ज्या कथा समाज विसरला होता त्या त्याला स्वतःच्या मातृभाषेत वाचावयास मिळाल्या. धर्मांतर घडविणे हा मिशनचा हेतू होता. परंतु धर्मांतर करणारे बेने इस्राएल फारच थोडे निघाले. समाजाने शाळा घेतली, व्याकरण घेतले, भाषांतर घेतले, आणि त्यांचा उपयोग आपला धर्म अधिक दृढ करण्याकडे केला. साधन देणाराचा हेतू आणि साधन घेणाराचा हेतू यांतील अंतराचे याहून चांगले उदाहरण एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

बगदादी ज्यूंचा संबंध तिसरा. १८३० नंतर डेव्हिड ससून व त्यांच्याबरोबरची बगदादी कुटुंबे मुंबईत स्थिरावली. आरंभी ती बेने इस्राएलांच्या मंदिरातच प्रार्थना करीत आणि दोघांचे कब्रस्तानही एकच होते. परंतु १८३६ मध्येच बगदादी मंडळींनी कब्रस्तानात भिंत घालून जागा वेगळी करून मिळावी असा अर्ज सरकारकडे केला. १८६४ मध्ये भायखळ्यास ‘मागेन डेव्हिड’ व १८८४ मध्ये कोटाजवळ ‘केनेसेथ एलियाहू’ ही त्यांची स्वतंत्र प्रार्थनामंदिरे झाली. ससून घराण्याच्या शिक्षणसंस्थेत बेने इस्राएल शिक्षकांना स्थान मिळाले, ही जमेची बाजू होय. परंतु बगदाद्यांनी पुढे बेने इस्राएलांच्या शुद्धतेविषयीच शंका घेतली. त्या शंकेला उत्तर देण्याच्या गरजेतून समाजात शास्त्राचा अभ्यास वाढला, एवढ्यापुरते त्यांचे ऋण मान्य करावे लागते.

तीनही प्रेरणांचा एकत्र विचार करता निष्कर्ष असा निघतो की, त्यांनी साधने पुरविली. परंतु ती घेऊन वापरणारे मंडळ आधीच उभे होते. बेंजामिन जे. इस्राएल यांनी १७५० नंतरच्या धार्मिक उत्क्रांतीवर १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या नावातच ‘उत्क्रांती’ हा शब्द आहे. तो या दृष्टीने अधिक अन्वर्थक वाटतो.

५. मराठी भाषेचे कार्य

पुनरुज्जीवनाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुमारे १८४० नंतर, मुख्य काम भाषेचे झाले. हिब्रू येणारे थोडे होते. मराठी सर्वांना येत होती. पेसाहच्या रात्री घरोघर वाचावयाची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ मध्ये पुण्यास दुसरी सचित्र मराठी हग्गादा छापण्यात आली. तिच्यातील काही चित्रे युरोपीय नमुन्यावरून घेतली आहेत; परंतु बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया त्या चित्रांत लुगड्यात दाखविल्या आहेत. मिसर देशातून बाहेर पडलेल्या पूर्वजांची कथा वाचणाऱ्या कोकणी घराला ते चित्र आपलेच वाटले असेल, यात संशय नाही.

या कार्यातील अग्रगण्य नाव जोसेफ येहेझ्केल राजपुरकर (१८३४–१९०५) यांचे. डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते सुमारे चार दशके मुख्याध्यापक होते, आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. त्यांनी प्रार्थनांची व अन्य हिब्रू ग्रंथांची मराठी भाषांतरे केली. ज्या घराण्याला परंपरेने काजीपद मिळाले होते त्याच नावाचा पुरुष विद्यापीठाचा परीक्षक व्हावा, या एका गोष्टीत शंभर वर्षांचा पालट दिसून येतो.

ग्रंथाबरोबर कीर्तनही आले. १८८० मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर व त्यांचे सहकारी यांनी कीर्तनोत्तेजक मंडळाच्या द्वारे बेने इस्राएल कीर्तनास आरंभ केला. पूर्वरंग, उत्तररंग, आर्या, साकी, दिंडी हा सर्व सरंजाम महाराष्ट्रीय. विषय मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे यांचे. ज्यांना प्रार्थनेतील हिब्रू कळत नसे त्या स्त्रिया, मुले व श्रमजीवी लोक यांना धर्मकथांचे ज्ञान झाले ते बहुतांशी कीर्तनातून. प्रार्थनामंदिराने जे पुरुषांना दिले ते कीर्तनाने सर्व समाजाला दिले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रात केहीमकरांनी १८५३ मध्ये परोपकारी मंडळ व १८७५ मध्ये इस्राएलाइट स्कूल स्थापन केले. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने या शाळेला साहाय्य केले. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव देण्यात आले. मिशनच्या शाळेतून जी विद्या समाजाने मिळविली होती तिच्यासाठी आता त्याला दुसऱ्याच्या दारी जाण्याचे कारण उरले नाही.

६. प्रसार, भेद व गृहधर्माचे स्थान

मुंबईतील मंडळात एकोपा फार काळ टिकला नाही. १८४० च्या सुमारास जुन्या मशिदीतील वादातून बाहेर पडलेल्यांनी ‘शारे रासोन’ ही नवी मशीद स्थापन केली. १८८६ मध्ये जेकब सर्कलजवळ ‘तिफेरेथ इस्राएल’ व १८८८ मध्ये उमरखाडीस ‘एत्झ हाइम’ ही मंदिरे झाली. ही फूट दौर्बल्याचे लक्षण मानता येईल. परंतु एका मंदिरातून बाहेर पडलेल्यांना दुसरे मंदिर चालविण्याइतके मनुष्यबळ व ज्ञान उपलब्ध होते, हाही त्याचा अर्थ आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रसाराची दिशा. रेवदंडा येथे १८४२ मध्ये, अलिबागेस १८४८ मध्ये, पनवेलीस १८४९ मध्ये व ठाण्यास १८७९ मध्ये प्रार्थनामंदिरे बांधण्यात आली. म्हणजे मूळ वसतीच्या कोकणात मंदिर पोहोचले ते मुंबईनंतर सुमारे अर्ध्या शतकाने, आणि मुंबईत झालेल्या प्रयोगाचे अनुकरण म्हणून. पुढे नोकरीच्या निमित्ताने समाज जेथे गेला तेथे हेच घडले. कराचीस १८९३ मध्ये ‘मागेन शालोम’, पुण्याच्या रास्ता पेठेत १९२१ मध्ये ‘सुक्कथ शेलोमो’ व अहमदाबादेस १९३४ मध्ये ‘मागेन अब्राहाम’ ही मंदिरे उभी राहिली. खेड्याने शहराला आचार दिला आणि शहराने खेड्याला मंडळ दिले, असे या देवघेवीचे वर्णन करता येईल.

पुनरुज्जीवनाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ‘गोरे’ व ‘काळे’ हा समाजातील अंतर्गत भेद मंदिराच्या दाराशी थांबला नाही; काळे म्हणून गणल्या गेलेल्यांना मंदिरातील मान समानतेने मिळत नसत. स्त्रियांचेही स्थान बदलले. गृहधर्मात ज्या मुख्य होत्या त्या मंदिरात सज्ज्यात बसून ऐकणाऱ्या झाल्या. धर्माचे केंद्र घरातून मंदिरात सरकले तसतसे धर्माचे अधिकारपण स्त्रियांकडून हिब्रू वाचणाऱ्या पुरुषांकडे गेले. या स्थितीला उत्तर मिळण्यास १९२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियनची स्थापना झाली, आणि उदारमतवादी उपासनेचा एक प्रवाह समाजात सुरू झाला. एका वैद्यक व्यवसायातील स्त्रीने उपासकमंडळ स्थापावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

गृहधर्म मात्र नाहीसा झाला नाही. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने केला जाणारा ‘मलिदा’ याचे उत्तम प्रमाण होय. पोहे, नारळ, गूळ व फळे यांचे ताट मांडून, हिब्रू प्रार्थना म्हणून, नवस फेडण्यासाठी किंवा मंगलप्रसंगी हा विधी करतात. अलिबागजवळील खंडाळा येथे एलियाहूच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी श्रद्धा आहे. कोचीनी शिक्षक, मिशनरी व बगदादी यांपैकी कोणीही हा विधी शिकविलेला नाही. ग्रंथोक्त आचार आल्यावर ग्रंथबाह्य आचार गळून पडतो, हा सिद्धांत येथे लागू पडत नाही. उलट घरातील विधीला मंदिरातील हिब्रू प्रार्थनेची जोड मिळून तो अधिकच स्थिर झाला.

७. इतिहासाची कसोटी

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला जाऊ लागले. तेथे त्यांच्या विवाहाविषयी प्रश्न उपस्थित झाला. घटस्फोट व दिराशी विवाह यांसंबंधीचे ज्यू शास्त्रातील नियम या समाजाला अनेक शतके ज्ञात नव्हते. मग पूर्वीच्या पिढ्यांतील विवाह शास्त्रशुद्ध कशावरून, अशी धर्मपीठाची शंका होती. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने त्यांच्याशी विवाहास तत्त्वतः मान्यता दिली; परंतु १९६२ च्या आदेशान्वये विवाहेच्छू बेने इस्राएलांच्या मातृवंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे ठरले. याविरुद्ध समाजाने धरणे, मोर्चे व उपोषण या मार्गांनी लढा दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू असून त्यांचे हक्क इतरांप्रमाणेच आहेत असा ठराव केला, आणि त्यानंतर आदेशातील त्यांचा नामनिर्देश काढून टाकण्यात आला.

या वादात ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाची दुधारी बाजू उघड झाली. १७९६ पूर्वी धर्म लुप्त होता व नंतर तो शिकविण्यात आला, असे म्हटले तर सातत्य तुटते आणि शंका घेणाराचे बळ वाढते. मिशनऱ्यांचे व कोचीनच्या शिक्षकांचे श्रेय वाढवून सांगणाऱ्या लेखनाने नकळत याच मताला पुष्टी दिली होती. याउलट, सर्व काही प्रथमपासून जसेच्या तसे होते असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. खरी स्थिती या दोहोंच्या मधली आहे. घराने जे राखले त्यात खंड पडला नव्हता. मंडळ मात्र नवे होते. शास्त्राधारे घटस्फोट देण्यास धर्मसभा लागते; ज्या समाजात मिन्यान मिळणे दुर्घट तेथे धर्मसभा कोठून यावी? नियम ठाऊक नसणे हे वंशाच्या अशुद्धतेचे प्रमाण नव्हे. ते विरळ वसतीचे फळ होते. समाजाच्या इतिहासाची ही मांडणी आधी झाली असती तर वाद टळला असता असे नाही, परंतु त्यातील निम्मे प्रश्न चुकीचे आहेत हे दाखविता आले असते.

८. समारोप

१९५१ च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या २६,००० हून अधिक होती; २०११ च्या जनगणनेत ती ५,००० च्या खाली आली. उरलेल्यांपैकी बहुसंख्य मुंबई, ठाणे व कोकणात आहेत आणि त्यांत बेने इस्राएलच अधिक आहेत. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तिकडे इस्राएलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, मराठी कीर्तने झाली, आणि मलिद्याचे ताट तेथेही मांडले जाऊ लागले.

स्थलांतरामुळे कोकणातील व मुंबईतील काही मंदिरांपुढे पुन्हा दहा पुरुषांचा प्रश्न उभा राहिला आहे. अठराव्या शतकात समाज विरळ असल्यामुळे मंडळ नव्हते. एकविसाव्या शतकात मंडळ आहे, वास्तू आहे, ग्रंथ आहे, परंतु वसती विरळ झाली आहे. तथापि दोन्ही स्थिती सारख्या नाहीत. पूर्वी समाजाजवळ आचार होता आणि त्याचा अर्थ हरवला होता. आज अर्थ छापील मराठीत उपलब्ध आहे. राजपुरकर व केहीमकर यांच्या पिढीने केलेल्या कामाचे स्थायी फळ ते हेच. दिवेकराने स्थापन केलेल्या प्रार्थनामंदिराची वास्तू सॅम्युएल स्ट्रीटवर उभी आहे. परंतु तिच्याहून टिकाऊ ठरावी अशी गोष्ट म्हणजे घर व मंदिर यांचा त्या शतकात घातलेला सांधा. पुढील संशोधनाने प्रार्थनामंदिरांची जुनी दप्तरे, कब्रस्तानांतील मराठी व हिब्रू लेख आणि कीर्तनांच्या वह्या यांचा एकत्रित अभ्यास हाती घेतल्यास हा सांधा कसा घडला याचा तपशील हाती येईल. दप्तरे सांभाळणारे हात कमी होत असल्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.